जेल नखे : नख पुन्हा येते, वावडे मात्र जात नाही

युरोपीय संघाच्या सदस्य देशांत १ सप्टेंबर २०२५ पासून 'टीपीओ' या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या रसायनाचा सौंदर्यप्रसाधनांतील वापर बंद करण्यात आला. नखांवर लावलेले जेल दिव्याखाली घट्ट व्हावे यासाठी हे रसायन त्यात मिसळले जात असे. प्राण्यांवरील चाचण्यांच्या आधारे हे रसायन प्रजननक्षमतेला घातक ठरू शकणाऱ्या पदार्थांच्या वर्गात गेले आणि सौंदर्यप्रसाधनविषयक नियमांनुसार त्यावर बंदी आली. या निर्णयानंतर जेल नखे वापरावीत की नाही, हा प्रश्न अनेक देशांत नव्याने विचारला जाऊ लागला. भारतातही महानगरांबरोबर लहान शहरांतील ब्यूटी पार्लरमध्ये जेल नखे करून मिळतात आणि घरच्या घरी वापरण्याचे संच ऑनलाइन बाजारात सहज उपलब्ध आहेत. त्यामुळे हा प्रश्न येथील वाचकांच्याही जिव्हाळ्याचा आहे.

गेल्या दोन दशकांत त्वचारोगशास्त्रात जमा झालेली माहिती पाहिली, तर चिंतेचा मुख्य विषय वेगळाच असल्याचे दिसते. जेलमुळे नख पातळ होणे, तुटणे किंवा त्यावर डाग पडणे या तक्रारी त्रासदायक असल्या तरी बहुधा तात्पुरत्या असतात, कारण नख नव्याने वाढत राहते. मात्र जेलमधील रसायनांचे एकदा वावडे निर्माण झाले, तर ते सामान्यतः जन्मभर राहते आणि त्याचा संबंध पुढे दातांच्या किंवा सांध्यांच्या उपचारांशीही येऊ शकतो. हा धोका मोठ्या प्रमाणात टाळता येण्यासारखा आहे. त्यासाठी तो नेमका कोठे आहे, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

नखाची रचना

आपण ज्याला नख म्हणतो, ती केरॅटिन या प्रथिनाने बनलेली कठीण पट्टी असते. केसांतही हेच प्रथिन असते. ही पट्टी मृत पेशींच्या एकमेकींना चिकटलेल्या थरांची असून तिची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर असते. नखाचा जिवंत भाग दिसत नाही. तो बोटाच्या कातडीखाली, नखाच्या मुळाशी असतो. तेथे नव्या पेशी तयार होतात आणि आधीच्या पेशींना पुढे ढकलतात. अंगठ्याच्या नखाच्या तळाशी दिसणारी पांढरट चंद्रकोर हा या मुळाचाच दिसणारा भाग होय.

हाताचे नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढते. मुळापासून टोकापर्यंत पूर्ण नवे नख येण्यास सुमारे सहा महिने लागतात. पायाच्या नखाला त्यासाठी एक ते दीड वर्ष लागते. नखाच्या तळाशी कातडीची जी बारीक कड नखाला चिकटलेली असते, तिला क्यूटिकल म्हणतात. पाणी, जंतू आणि बुरशी यांना मुळापर्यंत पोहोचू न देणारा हा नैसर्गिक बांध आहे. सजावटीच्या वेळी तो कापून किंवा खरवडून काढला, तर नखाच्या कडेला सूज येऊन पू होण्याचा, म्हणजेच नखुरडे होण्याचा संभव वाढतो.

नखांना 'श्वास घेण्यासाठी' अधूनमधून मोकळे ठेवावे, असे नेहमी सांगितले जाते. नखाची पट्टी मृत असल्याने ती श्वास घेत नाही. मुळाला लागणारे पोषण आणि प्राणवायू रक्तातूनच मिळतात. तरीही दोन सजावटींमध्ये अंतर ठेवण्याचा सल्ला योग्यच आहे. त्याचे कारण इतकेच, की त्या काळात झिजलेला भाग पुढे सरकून कापला जातो आणि रंगाखाली काही बिघाड झाला असल्यास तो नजरेस पडतो.

दंतवैद्यकातून आलेले तंत्र

कृत्रिम नखांचे आधुनिक तंत्र दंतवैद्यकातून आले आहे. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील दंतवैद्य फ्रेडरिक स्लॅक यांनी १९५४ च्या सुमारास आपले मोडलेले नख दातांसाठी वापरल्या जाणाऱ्या ॲक्रिलिकने दुरुस्त केले आणि त्यातून हा व्यवसाय उभा राहिला, असे सांगितले जाते. सुरुवातीच्या काळात मिथाइल मेथॅक्रिलेट हे द्रव्य सर्रास वापरले जाई. त्यामुळे नखांना व बोटांना इजा झाल्याच्या तक्रारी आल्यावर १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्या द्रव्याच्या नखांवरील उत्पादनांविरुद्ध कारवाई केली. पुढे दिव्याखाली घट्ट होणारी जेल बाजारात आली. २०१० च्या सुमारास कुंचल्याने नेलपॉलिशसारखे लावता येणारे आणि दोन आठवडे टिकणारे जेल पॉलिश आले आणि त्याचा प्रसार वेगाने झाला.

साधे नेलपॉलिश आणि जेल यांत मूलभूत फरक आहे. नेलपॉलिशमधील द्रावक हवेत उडून जातो आणि रंगाचा पापुद्रा मागे उरतो. जेल असे वाळत नाही. त्यात ॲक्रिलेट आणि मेथॅक्रिलेट या कुळातील लहान रेणू असतात. दिव्याचे किरण पडले की जेलमधील टीपीओसारखे प्रकाशसंवेदी रसायन क्रियाशील होते आणि हे लहान रेणू एकमेकांत गुंफले जाऊन कठीण प्लॅस्टिक तयार होते. या क्रियेत उष्णता बाहेर पडते. दिव्याखाली हात धरल्यावर काही वेळा नखाला एकाएकी चटका बसतो, तो याच कारणाने. थर जाड असेल किंवा नख आधीच पातळ झालेले असेल, तर चटका अधिक जाणवतो.

पूर्णपणे घट्ट झालेल्या जेलपासून फारसा अपाय होत नाही. अपाय होतो तो न गुंफलेल्या, सुट्या राहिलेल्या रेणूंमुळे. पुढील बहुतेक सर्व दक्षता या एका गोष्टीभोवती फिरतात.

नुकसान लावताना कमी, काढताना अधिक

जेलमुळे नख खराब झाल्याच्या बहुसंख्य तक्रारींचे मूळ जेल काढण्याच्या पद्धतीत असते. जेल चिकटावे म्हणून आधी नखाचा पृष्ठभाग कानशीने किंवा विजेवर चालणाऱ्या यंत्राने घासला जातो. काढताना ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस नखांवर १० ते १५ मिनिटे ठेवला जातो आणि मऊ झालेले जेल खरवडले जाते. घाईने खरवडताना किंवा दातांनी, नखांनी सोलताना जेलबरोबर नखाचे वरचे थरही निघून येतात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय अहवालात जेल पॉलिशपूर्वी आणि ते काढल्यानंतर एका महिलेच्या नखाची जाडी मोजण्यात आली, तेव्हा नख पातळ झाल्याचे आढळले. अर्धा मिलिमीटर जाडीच्या पट्टीतून दर पंधरवड्याला थोडा थर निघत राहिला, तर ती लवचीक व ठिसूळ होणार, हे उघड आहे.

ॲसिटोनमुळे नख आणि भोवतालची कातडी कोरडी पडते. नखावर खडूसारखे पांढरे, खरबरीत चट्टे दिसू लागतात. ते पाहून पुष्कळजण कॅल्शियमची कमतरता असल्याचा समज करून घेतात. प्रत्यक्षात नखाचा पृष्ठभाग उकलल्याने ते दिसतात. बळकटीसाठी बायोटिनच्या गोळ्या घेण्याची प्रथाही वाढली आहे. मात्र निरोगी व्यक्तीला त्यांचा उपयोग होतो, याचा पुरावा तुटपुंजा आहे. शिवाय बायोटिनच्या मोठ्या मात्रेमुळे थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या निदानासाठी केल्या जाणाऱ्या काही रक्तचाचण्यांचे निष्कर्ष चुकू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दिला होता.

दुसरा बिघाड म्हणजे नख खालच्या मांसापासून सुटणे. लांब कृत्रिम नखाचे टोक कोठेतरी अडकले, की तरफेप्रमाणे जोर बसून खरे नख उचलले जाते. सुटलेल्या जागेत ओल साचते आणि तेथे बुरशी किंवा जीवाणू वाढू शकतात. नख हिरवट दिसू लागले, तर बहुधा स्यूडोमोनास या जीवाणूचा संसर्ग असतो. अशा नखावर नवा रंग चढवून ते झाकणे म्हणजे रोगाला आसरा देणे होय.

नख झाकले जाण्याचा आणखी एक तोटा आहे. नखांच्या रंगावरून व आकारावरून डॉक्टरांना शरीरातील काही आजारांचा सुगावा लागतो. नखातील नवी काळी-तपकिरी उभी रेघ क्वचित प्रसंगी कर्करोगाचे लक्षण असू शकते. रक्तातील प्राणवायू मोजणाऱ्या ऑक्सिमीटरची नोंदही रंगवलेल्या नखामुळे चुकू शकते. शस्त्रक्रियेपूर्वी नखे स्वच्छ करून येण्यास सांगितले जाते, त्यामागे हेही एक कारण आहे.

या तक्रारी वेळीच लक्षात आल्या, तर सजावट थांबवून बहुतेक वेळा सुमारे सहा महिन्यांत पूर्ववत नख मिळते. पुढील तक्रारीबाबत तसे म्हणता येत नाही.

कायमचे वावडे

सुटे राहिलेले ॲक्रिलेट रेणू अतिशय लहान असतात. नखाच्या कडेच्या कातडीला जेल लागले, तर ते त्वचेत शिरतात. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा त्यांना शत्रू म्हणून ओळखू लागली, की वावडे म्हणजेच ॲलर्जी निर्माण होते. हे पहिल्याच वेळी घडते असे नाही. अनेक महिने किंवा वर्षे विनातक्रार जेल वापरल्यानंतरही ते सुरू होऊ शकते. त्यामुळे 'इतके दिवस काही झाले नाही' हा युक्तिवाद येथे उपयोगाचा नाही. एकदा ओळख पटल्यानंतर रसायनाचा अल्प अंशही पुरेसा होतो.

नखांभोवती खाज, लाली, बारीक फोड, बोटांच्या टोकांना भेगा आणि इसबासारखी कातडी ही त्याची नेहमीची लक्षणे आहेत. काहींचे नख सुटते. पुष्कळदा मात्र बोटे ठीक दिसतात आणि पापण्या, गाल किंवा मान यांवर पुरळ उठते, कारण हात दिवसभर चेहऱ्याला लागत असतो. अशा वेळी रुग्ण साबण, काजळ किंवा क्रीम बदलत राहतो आणि खरे कारण बोटांवरच राहून जाते.

अमेरिकेतील संपर्कजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संस्थेने २०१२ मध्ये ॲक्रिलेटला त्या वर्षातील लक्षवेधी ॲलर्जीकारक म्हणून घोषित केले होते. २०१८ मध्ये ब्रिटनमधील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने ब्रिटन व आयर्लंडमधील तपासण्यांचे निष्कर्ष जाहीर केले. त्वचेच्या ॲलर्जीसाठी तपासलेल्या व्यक्तींपैकी २.४ टक्के व्यक्तींना या कुळातील किमान एका रसायनाचे वावडे असल्याचे त्यातून दिसले. हे प्रमाण त्वचेच्या तक्रारी घेऊन आलेल्या रुग्णांतील आहे, सर्वसाधारण लोकसंख्येतील नव्हे. तरीही संघटनेने घरगुती संचांच्या वापराबाबत विशेष सावधगिरीचा इशारा दिला.

या कुळात 'हेमा' या संक्षिप्त नावाचे रसायन सर्वाधिक त्रास देणारे मानले जाते. युरोपीय संघाने २०२० मध्ये नियम करून, २०२१ पासून ते असलेली नखांची उत्पादने केवळ व्यावसायिकांनी वापरावीत आणि त्यांच्यावर ॲलर्जीची सूचना छापावी, असे बंधनकारक केले. त्यानंतर 'हेमामुक्त' असे लिहिलेली उत्पादने वाढली. मात्र हेमा नसले तरी त्याच कुळातील दुसरे रसायन असतेच. त्यांच्यात इतके साम्य असते, की एकाचे वावडे असणाऱ्याला दुसऱ्याचाही त्रास होऊ शकतो.

प्रश्न येथेच अधिक गंभीर होतो. दंतवैद्यकातून नखांकडे आलेली ही द्रव्ये वैद्यकात आजही उपयोगात आहेत. दातातील रंगाशी जुळणारे भरण आणि ते चिकटवणारी द्रव्ये, कवळी, सांधेबदल शस्त्रक्रियेत वापरले जाणारे अस्थिसिमेंट, मधुमेहींच्या दंडावर लावल्या जाणाऱ्या काही साखरमापक उपकरणांतील चिकटद्रव्य या सर्वांत ॲक्रिलेट कुळातील पदार्थ असतात. वावडे असलेल्या प्रत्येकाला या उपचारांचा त्रास होतोच असे नाही, आणि पर्यायी साहित्यही उपलब्ध असते. पण डॉक्टरांना त्याची आधी कल्पना असणे आवश्यक असते. वयाच्या विशीत हौसेने केलेल्या नखांचा उल्लेख साठीत गुडघ्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी करावा लागू शकतो, तो यासाठी.

निदानासाठी त्वचारोगतज्ज्ञ 'पॅच टेस्ट' करतात. संशयित रसायनांचे अल्प प्रमाण पाठीवर पट्टीखाली दोन दिवस ठेवून नंतर त्वचेवरील परिणाम पाहिला जातो. वावडे सिद्ध झाल्यास ते बरे करणारे औषध नाही; संपर्क टाळणे हाच उपाय असतो.

दिव्याचे किरण

जेल घट्ट करणाऱ्या दिव्यांतून प्रामुख्याने अतिनील 'ए' किरण बाहेर पडतात. एलईडी दिव्यात असे किरण नसतात, हा समज चुकीचा आहे. त्याचा वेळ कमी लागतो, एवढाच फरक. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १६ सलॉनमधील १७ दिवे तपासले असता त्यांच्या किरणांच्या तीव्रतेत मोठी तफावत आढळली. अधूनमधून वापर केल्यास कर्करोगाचा धोका अल्प असल्याचा निष्कर्ष त्यात काढण्यात आला होता.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील शास्त्रज्ञांनी जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने याकडे पुन्हा लक्ष वेधले. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी आणि उंदरांच्या पेशींवर अशा दिव्याचा प्रकाश एका सत्रात २० मिनिटे टाकला असता २० ते ३० टक्के पेशी मेल्या आणि जिवंत राहिलेल्या पेशींच्या डीएनएमध्ये बिघाड दिसला. मात्र हे प्रयोग काचपात्रातील सुट्या पेशींवर झाले होते. जिवंत हातावर कातडीच्या बाह्य थराचे संरक्षण असते आणि दिव्याखाली हात सहसा याहून कमी वेळ असतो. त्यामुळे या दिव्यांमुळे कर्करोग होतो, असे या संशोधनावरून म्हणता येत नाही. वारंवार वापर करणाऱ्यांनी हात झाकावेत, एवढे मात्र निश्चित म्हणता येते. डॉक्सीसायक्लिनसारख्या काही प्रतिजैविकांमुळे त्वचा व नखे प्रकाशाला अधिक संवेदनशील होतात. अशी औषधे चालू असताना हे दिवे टाळणेच इष्ट ठरते.

कारागिरांचा विचार

ग्राहक महिन्यातून एक-दोनदा जेलच्या संपर्कात येतो. नखे सजवणारी कारागीर दिवसातून अनेकदा येते. कानशीतून उडणारी भुकटी तिच्या श्वासात आणि मनगटावर जाते. वावडे झाल्यास ग्राहकाचा छंद सुटतो, कारागिराची उपजीविका धोक्यात येते. नेहमीच्या रबरी किंवा विनाइल हातमोज्यांतून हे रेणू काही मिनिटांत आरपार जातात. नायट्राइलचे हातमोजे त्यापेक्षा बरे असले, तरी तेही वारंवार बदलावे लागतात. खेळती हवा, भुकटी ओढून घेणारा पंखा आणि उघड्या बोटाने जेल न पुसण्याची सवय या गोष्टी प्रशिक्षणाचा भाग असणे गरजेचे आहे.

रुग्णसेवेतील व्यक्तींसाठी नियम अधिक कडक आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या हातांच्या स्वच्छतेविषयक मार्गदर्शक सूचनांनुसार रुग्णांच्या थेट संपर्कात येणाऱ्यांनी कृत्रिम नखे लावू नयेत आणि आपली नखे आखूड ठेवावीत, कारण कृत्रिम नखांखाली हात धुतल्यावरही जंतू टिकून राहतात.

काय काळजी घ्यावी

जेल नखे करावयाचीच असतील, तर काही साध्या गोष्टी पाळल्यास धोका बराच कमी होतो.

जेल फक्त नखावर लागले पाहिजे. कातडीला लागल्यास दिव्याखाली हात नेण्यापूर्वीच ते पुसून टाकावे. थर पातळ असावेत. जेल आणि दिवा एकमेकांशी जुळणारे असावेत व सांगितलेला पूर्ण वेळ द्यावा. दिवा कमजोर असेल, तर वरून घट्ट दिसणारे जेल आतून कच्चे राहते. या तिन्ही गोष्टी घरगुती संच वापरताना चुकण्याची शक्यता अधिक असते.

क्यूटिकल कापू नये. दिव्यापूर्वी हातांना ३० किंवा अधिक एसपीएफचे सनस्क्रीन लावावे, किंवा बोटांची टोके मोकळी ठेवणारे गडद रंगाचे हातमोजे घालावेत. जेल सोलून काढू नये. ॲसिटोनला पुरेसा वेळ द्यावा, तो फक्त नखावर ठेवावा आणि नंतर पेट्रोलियम जेली किंवा तेल चोळावे. नखे शक्यतो आखूड ठेवावीत व प्रत्येक वेळी पुन्हा जेल न लावता मध्ये काही आठवड्यांचे अंतर ठेवावे.

उत्पादन घेताना वेष्टन वाचावे. भारतात २०२० च्या प्रसाधने नियमांनुसार घटकद्रव्यांची यादी, उत्पादकाचे नाव व पत्ता, बॅच क्रमांक आणि वापराची मुदत वेष्टनावर असणे आवश्यक आहे. आयात केलेल्या प्रसाधनावर नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांकही असावा लागतो. यांपैकी काहीच नसलेली बाटली स्वस्त असली, तरी ती घेऊ नये.

खाज, लाली किंवा पापण्यांवर पुरळ दिसताच जेल काढून टाकावे आणि 'दुसऱ्या कंपनीचे लावून पाहू' असा प्रयोग न करता त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. वावडे असल्याचे सिद्ध झाले, तर त्या अहवालाची प्रत जपून ठेवावी आणि दंतवैद्यासह प्रत्येक डॉक्टरला ती दाखवावी.

हौसेला मज्जाव करण्याचे कारण नाही. मेंदीने नखे रंगवण्याची रीत आपल्याकडे पूर्वापार आहे आणि समारंभापुरते साधे नेलपॉलिशही पुरेसे होते. जेल निवडताना लक्षात ठेवण्याची बाब एवढीच, की पातळ झालेले नख सहा महिन्यांत निसर्ग भरून देतो. त्वचेने एकदा धरलेले वैर मात्र तो मिटवत नाही.